मानव विकास निर्देशांक

एखाद्या देशातील माणसे किती वर्षे जगतात, किती शिकतात आणि त्यांचे राहणीमान कसे आहे, हे एका आकड्यात सांगणारे माप. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने १९९० च्या पहिल्या मानव विकास अहवालात ते मांडले. राष्ट्रीय उत्पन्नावरून जनतेच्या कल्याणाचा अंदाज बांधता येत नाही, हा इशारा सायमन कुझनेट्स यांनी १९३४ मध्येच दिला होता. तरीही पुढची अनेक दशके देशांची प्रगती उत्पन्नावरच जोखली गेली. ही सवय मोडण्याचा ध्यास पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी घेतला. त्यांचे मित्र अमर्त्य सेन यांना माणसाचे जगणे एका आकड्यात कोंबणे प्रथम पटले नव्हते. उत्पन्नाचा आकडा हटवायचा तर तितकाच सुटसुटीत दुसरा आकडा हवा, असे हक यांचे म्हणणे होते, आणि ते बरोबर होते.

निर्देशांक ० ते १ या पट्टीवर असतो. आयुर्मानासाठी २० वर्षे म्हणजे शून्य आणि ८५ वर्षे म्हणजे एक. शिक्षणात प्रौढांनी शाळेत काढलेली सरासरी वर्षे आणि आजच्या मुलांना मिळू शकणारी वर्षे धरतात. दरडोई उत्पन्न क्रयशक्तीनुसार डॉलरमध्ये मोजून त्याचा लॉगरिदम घेतात, कारण हजार रुपयांची भर शेतमजुराच्या घरात जेवढा फरक पाडते तेवढा धनिकाच्या घरात पाडत नाही. २०१० पासून तिन्ही घटकांचा भूमितीय माध्य काढला जातो. त्यामुळे शाळांची उणीव केवळ पैशाने सहज भरून निघत नाही.

सरासरीत विषमता लपते, हा या मापाचा सर्वांत गंभीर दोष. त्यावर उपाय म्हणून २०१० मध्येच विषमता-समायोजित निर्देशांक आला. स्वातंत्र्य, सुरक्षितता आणि पर्यावरण मात्र मूळ मापाबाहेरच आहेत.

महाराष्ट्राच्या २००२ च्या मानव विकास अहवालात मुंबई सर्वांत वर आणि गडचिरोली तळाशी होते. २०१२ च्या अहवालात तळाशी नंदुरबार होते. समृद्ध गणल्या जाणाऱ्या राज्यातील ही दरी जिल्हावार मोजणीविना इतकी स्पष्ट दिसली नसती. राज्याने २००६ मध्ये मानव विकास मिशन सुरू केले आणि २०११ मध्ये ते २२ जिल्ह्यांतील १२५ तालुक्यांत नेले. खेड्यांतील मुलींना शाळेत नेणाऱ्या एसटीच्या निळ्या बस याच मिशनच्या.