तांब्याच्या चकतीवरचं जहाज

मेडल आणि मेडॅलियन या दोन गोष्टी आपल्याकडे एकाच शब्दात उरकतात: पदक. पदक म्हटलं की कोणाचा तरी पराक्रम आणि कोणी तरी केलेला गौरव हे आपण गृहीतच धरतो. कोकणातल्या कित्येक मुस्लिम घरांत आजोबा-पणजोबा 'बोटीवर' होते. त्या घरांच्या पेट्यांतून कधी पितळी बटण निघतं, कधी परदेशी नाणं, कधी तांब्याची एखादी चकती. मग तिच्याभोवती गोष्ट तयार होते आणि दोन पिढ्यांत ती गोष्ट इतिहास बनते.

अशीच एक चकती आपट्याच्या आमच्या ओळखीतल्या एका चाचांनी मला दाखवली. मी उर्दू आणि मराठी शिकवतो, म्हणून गावात कुठलाही जुना कागद किंवा न समजणारं अक्षर सापडलं की ते माझ्याकडे येतं. चकतीवर अक्षरं इंग्रजी होती. एका बाजूला शिडांचं मोठं जहाज, 'फूड्रॉयंट' हे नाव, नेल्सनच्या ध्वजनौकेचा उल्लेख आणि १८९७ हे साल. चाचांचं म्हणणं असं की त्यांच्या पणजोबांना हे इंग्रज सरकारने समुद्रातल्या बहादुरीबद्दल दिलं. मोहल्ल्यातल्या शाळेच्या प्रदर्शनात ते तसंच लिहून ठेवायचं होतं. कार्डावरचा मजकूर मी लिहावा, एवढीच त्यांची अपेक्षा.

मजकूर लिहिण्याआधी मी चकतीची कड पाहिली. जुन्या पदकांच्या बाबतीत पहिली गोष्ट हीच बघायची असते. ब्रिटिश युद्धपदकांना फीत लावण्यासाठी वर कडी किंवा आडवी पट्टी असते, आणि बहुतेकांच्या कडेवर ज्याला पदक मिळालं त्याचं नाव कोरलेलं असतं. पहिल्या महायुद्धात व्यापारी जहाजांवर काम केलेल्यांसाठी जे कांस्यपदक निघालं, त्याच्याही कडेवर नाव आहे. या चकतीला ना कडी होती, ना कडेवर नाव. ती कुणा एका माणसासाठी घडवलेलीच नव्हती.

मग जहाजाचा शोध सुरू झाला. फूड्रॉयंट हा फ्रेंच शब्द, अर्थ विजेसारखा कोसळणारा. इंग्रजांनी १७५८ मध्ये या नावाचं एक फ्रेंच जहाज पकडलं आणि पुढे तेच नाव आपल्या नव्या जहाजाला दिलं. हे नवं जहाज ८० तोफांचं. ते १७९८ मध्ये प्लिमथ इथे पाण्यात उतरलं. १७९९ च्या जूनपासून साधारण वर्षभर ते नेल्सनची ध्वजनौका होतं. ट्रॅफल्गारची १८०५ ची प्रसिद्ध लढाई नेल्सन लढला ती मात्र 'व्हिक्टरी' या दुसऱ्या जहाजावरून.

जवळजवळ शंभर वर्षांनी, १८९२ मध्ये, ब्रिटिश नौदलाने हे म्हातारं जहाज भंगारात विकलं. ते जर्मन भंगारवाल्यांकडे गेल्यावर इंग्लंडमध्ये आरडाओरडा झाला. शेरलॉक होम्सचा जनक कॉनन डॉयल याने त्यावर कविताही लिहिली. शेवटी व्हीटली कॉब नावाच्या श्रीमंत गृहस्थाने जहाज परत विकत घेतलं, मोठा खर्च करून ते सजवलं आणि समुद्रकाठच्या गावांतून तिकीट लावून लोकांना दाखवायला सुरुवात केली. १६ जून १८९७ रोजी ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळ झालं आणि जहाज वाळूत फुटलं. माणसं वाचली, पण जहाज गेलं.

लाकडी जहाजाच्या तळाला त्या काळी तांब्याचे पत्रे ठोकत. समुद्रातला किडा लाकूड पोखरतो आणि शेवाळ-शिंपल्यांनी जहाजाची चाल मंदावते. तांब्यामुळे दोन्हींना आळा बसतो. फुटलेल्या फूड्रॉयंटचं हे तांबं आणि लाकूड वाया गेलं नाही. लाकडाच्या वस्तू झाल्या आणि तांबं वितळवून त्याच्या आठवणीच्या चकत्या पाडल्या गेल्या, बाजारात विकल्या गेल्या. १९०५ मध्ये ट्रॅफल्गारच्या शताब्दीला खलाशांसाठी काम करणाऱ्या एका ब्रिटिश संस्थेने व्हिक्टरी आणि फूड्रॉयंट या दोन्ही जहाजांचं तांबं मिसळून आणखी स्मृतिचिन्हं काढली. म्हणून अशी चकती हातात आली की तिच्यावरचं साल आणि दुसऱ्या जहाजाचं नाव आधी बघावं. चाचांची चकती १८९७ च्या जातीची होती.

हे सगळं सांगितल्यावर चाचा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे नकली?"

मी म्हटलं, "चाचा, नकली नाही. अस्सल आहे. पण हे इनाम नाही, पैसे मोजून घेतलेली आठवण आहे."

"म्हणजे बाजारातली," ते म्हणाले. त्या एका शब्दात घरातली चार पिढ्यांची ऐट उतरली होती.

खरा प्रश्न इथे आला. मास्तर म्हणून मी खोटं कार्ड लिहू शकत नव्हतो. आणि खरं लिहून एका घराचा मान काढून घ्यावा, हेही मनाला पटत नव्हतं. पण पुढचं वाचत गेलो तेव्हा लक्षात आलं की या चकतीत आपल्या माणसांचा जो खरा इतिहास दडला आहे, तो चाचांच्या गोष्टीपेक्षा मोठा आहे.

फूड्रॉयंट बुडाल्यावर कॉबने त्याच वर्षी दुसरं एक जुनं जहाज भंगारातून सोडवलं आणि त्याला 'फूड्रॉयंट' हेच नाव दिलं. या दुसऱ्या जहाजाचं मूळ नाव 'त्रिंकोमाली', आणि ते बांधलं होतं मुंबईच्या गोदीत. नेपोलियनशी झालेल्या दीर्घ युद्धांत इंग्लंडमध्ये ओकच्या लाकडाची टंचाई झाली, तेव्हा इंग्रजांची नजर मलबारच्या सागवानाकडे आणि मुंबईच्या वाडिया कारागिरांकडे वळली. या जहाजाचे नकाशे मुंबईला पाठवले, पण ते नेणारं 'जावा' हे जहाज १८१२ मध्ये अमेरिकनांनी उद्ध्वस्त केलं. नकाशे पुन्हा पाठवावे लागले. जमशेदजी बमनजी वाडिया यांनी जहाज पूर्ण केलं आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ते पाण्यात उतरलं. याच जमशेदजींच्या 'कॉर्नवॉलिस' या जहाजावर १८४२ मध्ये नानकिंगचा तह झाला आणि चीनने हाँगकाँग सोडलं.

मुंबईत बांधलेलं ते जहाज पुढे नव्वदेक वर्षं परक्या नावाने जगलं. १९८६ पर्यंत त्यावर मुलांना दर्यावर्दी शिक्षण दिलं जात होतं. नंतर हार्टलपूल इथे त्याची दुरुस्ती झाली आणि १९९२ मध्ये त्याला त्रिंकोमाली हे नाव परत मिळालं. आज ते तिथे तरंगत उभं आहे. नेल्सनचं इंग्लंडमध्ये बांधलेलं फूड्रॉयंट किनाऱ्यावर फुटलं, त्याच्या नावाने जगलेलं मुंबईचं सागवानी जहाज दोनशे वर्षांनंतरही टिकून आहे. ओकमधलं आम्ल लोखंडी खिळे खातं, सागातलं तेल ते सांभाळतं. टिकण्याचं एक कारण हे. दुसरं कारण अर्थातच कारागिरांचा हात.

आणखी एक धागा आहे, आणि तो मला उर्दूचा शिक्षक म्हणून फार जवळचा वाटतो. १८०१ मध्ये इंग्रज फौज फ्रेंचांना मिसरमधून हाकलायला गेली, तेव्हा सेनापती ॲबरक्रॉम्बी जखमी होऊन मेला तो याच फूड्रॉयंटवर. त्याच मोहिमेसाठी हिंदुस्तानातूनही फौज गेली, तिच्यात मुंबईच्या पलटणींचे शिपाई होते. ते तांबड्या समुद्राच्या काठी कुसैर इथे उतरले आणि वाळवंट तुडवत नाईलपर्यंत चालत गेले. कंपनी सरकारने त्यांच्यासाठी पदक पाडलं. त्याच्या एका बाजूला मिसरच्या किनाऱ्याकडे निघालेलं जहाज आहे, दुसऱ्या बाजूला झेंडा धरलेला शिपाई आणि खाली फारसी मजकूर: मिसरच्या मुलखात फ्रेंचांचा पराभव झाला, त्याची ही आठवण, अशा अर्थाचा. ज्याला पदक द्यायचं त्याच्या ओळखीच्या लिपीत लिहावं, एवढं भान कंपनीला होतं. मात्र त्या मजकुरात बहादुरीचं श्रेय इंग्रजांच्या विजयी फौजेला आहे. शिपायाचं चित्र आहे, नाव नाही.

आपल्या माणसांची नावं धातूवर नाहीत, पण शब्दांत त्यांची खूण राहिली. इंग्रज ज्यांना 'लास्कर' म्हणत तो शब्द फारसी लश्करवरून आला. सारंग हा सरहंगवरून, खलाशी अरबी खलासीवरून आणि आपला नाखवा म्हणजे नाव अधिक खुदा, नाखुदा, नावेचा मालक. मराठीत कोळ्याच्या तोंडी हा शब्द जितका सहज आहे तितकाच कोकणी मुसलमानाच्या. पी अँड ओसारख्या कंपन्यांच्या बोटींच्या डेकवर कोकणातले मुस्लिम खलाशी पिढ्यान्‌पिढ्या राबले, तेही गोऱ्या खलाशापेक्षा कितीतरी कमी पगारावर. अशा पगारातून कुणी इंग्लंडच्या बंदरात आठवण म्हणून तांब्याची चकती विकत घेत असेल, तर ती खरेदीही काही लहान नव्हे.

प्रदर्शनातल्या कार्डावर मी असं लिहिलं: 'फूड्रॉयंट जहाजाच्या तांब्यापासून घडवलेलं स्मृतिचिन्ह, १८९७. आपट्याच्या एका खलाशी कुटुंबाने जपलेलं.' चाचांनी ते दोनदा वाचलं आणि 'खलाशी' या शब्दावर बोट ठेवून म्हणाले, "हे मोठ्या अक्षरात लिही." मी लिहिलं.

आपल्या किनाऱ्यावरच्या घरांत अजून अशा पेट्या आहेत. त्यांतलं तांबं-पितळ चिंचेने घासून चकचकीत करू नका, अक्षरं झिजतात. चकतीपेक्षाही जास्त जपा ते सीडीसीचं जुनं पुस्तक, म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक. त्यात बोटीचं नाव असतं, भरती झाल्याची आणि सुटल्याची तारीख असते आणि मुख्य म्हणजे तुमच्या पणजोबांचं स्वतःचं नाव असतं. चकतीवर ते कधीच नव्हतं.