रांगेत आधी कोण? संशोधन-जाळ्यांवरील सेवा-गुणवत्तेच्या चाचण्यांचा इतिहास

रायपूर स्थानकाच्या फलाटावर अर्धा तास उभे राहिलात, तर या पाठाचा निम्मा विषय तुम्हाला डोळ्यांनी दिसेल. हावडा–मुंबई मार्गावरून कोळसा, लोहखनिज आणि पोलाद वाहणाऱ्या मालगाड्यांची रीघ असते. मेल येणार असली की मालगाडीला लूप लाइनवर थांबवतात. मात्र मालगाडी पुढच्या सेक्शनमध्ये एकदा शिरली, की मागची मेल कितीही महत्त्वाची असली तरी तिला वाट पाहावीच लागते. बिलासपूरकडचा मार्ग बंद पडला, तर काही गाड्या झारसुगुडा–टिटलागढमार्गे वळवतात.

प्राधान्य, प्राधान्याची मर्यादा आणि पर्यायी मार्ग या तिन्ही गोष्टी संगणक-जाळ्यातही असतात. कोणत्या पॅकेटला आधी सोडायचे हा प्रश्न ‘क्वालिटी ऑफ सर्व्हिस’चा, म्हणजे सेवेच्या गुणवत्तेचा. कोणती वाहतूक कोणत्या मार्गाने न्यायची हा प्रश्न ‘ट्रॅफिक इंजिनिअरिंग’चा. हे दोन प्रश्न एकत्र कसे आले आणि संशोधन-जाळ्यांच्या कण्यावर म्हणजे बॅकबोनवर त्यांची परीक्षा घेताना काय शिकायला मिळाले, ते या पाठात पाहू.

१. गर्दीचा पहिला धडा

ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचा बर्कली परिसर यांच्यातील जोडणी अचानक कोलमडली. दोन्ही ठिकाणांतले अंतर जेमतेम ४०० यार्ड. तरीही सेकंदाला ३२ हजार बिटांचा वेग घसरून ४० बिटांवर आला. पॅकेट हरवले की संगणक ते पुन्हा पाठवत होते आणि त्यामुळे गर्दी आणखी वाढत होती. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये यावर उपाय मांडला: गर्दी जाणवताच पाठवणाऱ्यानेच वेग कमी करावा.

या उपायाने इंटरनेट वाचले. पण सुरू असलेले व्याख्यान आणि रात्रभर चालणारी फाइलची प्रत यांत तो काही फरक करत नव्हता. फाइल दोन मिनिटे उशिरा आली तर बिघडत नाही. शिक्षकाचे वाक्य दोन सेकंद उशिरा आले, तर संवाद तुटतो.

२. तीन पायऱ्या

पहिली पायरी १९९४ ची. ‘इंटिग्रेटेड सर्व्हिसेस’ या आराखड्यानुसार प्रत्येक प्रवाहासाठी वाटेतल्या प्रत्येक राउटरवर जागा राखून ठेवायची. त्यासाठीचा आरएसव्हीपी हा संकेत १९९७ मध्ये प्रमाणित झाला. अडचण उघड होती. कण्यावरील राउटरमधून एकाच वेळी लाखो प्रवाह जातात. त्या प्रत्येकाची नोंद ठेवणे परवडणारे नव्हते.

दुसरी पायरी १९९८ ची, ‘डिफरन्शिएटेड सर्व्हिसेस’. प्रत्येक प्रवाहाची ओळख न ठेवता पॅकेटच्या शीर्षात सहा बिटांची खूण करायची आणि राउटरने त्या वर्गानुसार वागायचे. सोपे आणि स्वस्त. पण ही व्यवस्था फक्त रांगेतला क्रम ठरवते, मार्ग ठरवत नाही. राउटर सहसा सर्वांत जवळचाच मार्ग निवडतात. प्राधान्याची सगळी पॅकेटे त्याच एका मार्गावर आली, तर प्राधान्याची रांगच तुंबते आणि शेजारचा लांबचा मार्ग रिकामा राहतो.

तिसरी पायरी एमपीएलएसची. पॅकेटवर छोटे लेबल लावून त्याला ठरवलेल्या मार्गाने नेता येते. या तंत्राकडून ट्रॅफिक इंजिनिअरिंगच्या अपेक्षा १९९९ मध्ये लिहिल्या गेल्या आणि मूळ आराखडा २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्ग आणि मार्ग यांचा एकत्र विचार करण्याच्या गरजा २००३ मध्ये मांडल्या गेल्या. आता मार्ग निवडताना ‘या दुव्यावर एकूण जागा किती?’ एवढेच न विचारता ‘या वर्गासाठी जागा किती?’ असे विचारता येऊ लागले.

३. चाचणीचा पेच

कागदावरची रचना खऱ्या जाळ्यावर तपासायची कशी? अमेरिकेतील विद्यापीठांच्या इंटरनेट-२ या संघटनेने १९९८ च्या सुमारास ‘क्यूबोन’ हा प्रयोग हाती घेतला. तिचे अॅबिलीन हे बॅकबोन १९९९ मध्ये सुरू झाले. त्याचा वेग सेकंदाला सुमारे २.४ अब्ज बिट होता.

येथे एक पेच उभा राहिला. बॅकबोन रिकामे असेल, तर प्राधान्य असो वा नसो, सगळी पॅकेटे वेळेवर पोहोचतात आणि चाचणीत फरकच दिसत नाही. फरक पाहायचा तर मुद्दाम गर्दी करावी लागते. पण ज्या जाळ्यावर हजारो लोक काम करत आहेत, तिथे प्रयोगासाठी कोंडी कोण करू देईल?

२००२ मध्ये या प्रयोगातील बेन टायटेलबाउम आणि स्टॅनिस्लाव शालुनोव्ह यांनी प्रीमियम सेवा का रुजली नाही, याचे स्पष्ट विवेचन लिहिले. त्यांच्या मते, वाटेतल्या प्रत्येक जाळ्याने एकाच वेळी बदल केल्याशिवाय सेवेची हमी देता येत नाही आणि त्या गुंतागुंतीपेक्षा क्षमता वाढवणे सोयीचे पडते. फसलेल्या प्रयोगाचा असा प्रामाणिक हिशेब इतिहासात विरळा, म्हणून तो मोलाचा आहे.

४. भारतात हाच प्रश्न वेगळा का होता?

‘क्षमता वाढवा’ हे उत्तर ज्याच्याकडे क्षमता आहे त्याचे. आपले अर्नेट १९८६ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम यांच्या साहाय्याने आठ संस्थांत सुरू झाले. मुंबईची एनसीएसटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, पाच आयआयटी आणि स्वतः विभाग अशा त्या आठ संस्था. रायपूर त्यांत नव्हते. सुरुवातीच्या लाइनचा वेग होता सेकंदाला ९,६०० बिट.

आता एक गणित करू. १,५०० बाइटचे पॅकेट म्हणजे १२,००० बिट. ते लाइनवर चढायला लागणारा वेळ असा:

९,६०० बिट वेगाने: १.२५ सेकंद
६४,००० बिट वेगाने: १८७.५ मिलिसेकंद
१ अब्ज बिट वेगाने: १२ मायक्रोसेकंद

संभाषणासाठी एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. म्हणजे ६४,००० बिटांच्या लाइनवर आवाजाच्या पॅकेटला पहिला मान दिला, तरी त्याच्या आधी निघालेले एकच मोठे पॅकेट ही मर्यादा मोडते. सेक्शनमध्ये शिरलेली मालगाडी ती हीच. फार संथ लाइनवर प्राधान्य अपुरे पडते, तर फार वेगवान आणि रिकाम्या लाइनवर ते अनावश्यक ठरते.

राष्ट्रीय ज्ञान जाळ्याचे, म्हणजे एनकेएनचे, पहिल्या टप्प्याचे उद्घाटन एप्रिल २००९ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते झाले. मार्च २०१० मध्ये ५,९९० कोटी रुपयांच्या योजनेला मंजुरी मिळाली. बीएसएनएल, पॉवरग्रिड आणि रेलटेल यांच्या तंतूंवर उभ्या राहिलेल्या या जाळ्याच्या गाभ्याचा वेग १० अब्ज बिटांच्या पटीत होता. रायपूरहून मुंबईचे सुमारे १,१०० किलोमीटर अंतर काचतंतूतला प्रकाश ५.५ मिलिसेकंदांत कापतो. मग पॅकेटला उशीर होतो तो वाटेत नव्हे, तर रांगेत.

५. मग तपासायचे कुठे?

दोन ठिकाणी. पहिले ठिकाण म्हणजे संस्थेचे प्रवेशद्वार. तिथे वसतिगृहातील डाउनलोड आणि थेट वर्ग एकाच दुव्यावर येतात. दुसरे म्हणजे दुवा तुटण्याचा क्षण. समजा, प्रत्येकी १० अब्ज बिटांच्या दोन दुव्यांवर ६-६ अब्जांची वाहतूक आहे. खोदकामात एक तंतू तुटला. आता १० च्या दुव्यावर १२ चा भार आला. २ अब्जांची वाहतूक मागे राहणारच. थेट वर्गांची एकूण वाहतूक १ अब्ज असेल आणि तिच्यासाठी पर्यायी मार्गावर जागा आधीच राखलेली असेल, तर वर्ग सुरू राहतील आणि फाइली थांबतील. ती जागा राखलेली नसेल, तर कोण थांबेल हे नशिबावर.

म्हणून चांगल्या चाचणीत सरासरी वेग मोजून भागत नाही. एका दिशेचा विलंब, त्यातला चढउतार आणि पॅकेटांची गळती प्रत्येक वर्गासाठी वेगळी मोजावी लागते, आणि तीही गर्दीत व दुवा तोडून. जाळ्याची क्षमता वाढली म्हणजे आधी कोणाला सोडायचे हा प्रश्न मिटला, असे नव्हे. तो फक्त कण्यावरून सरकून तुमच्या महाविद्यालयाच्या दारापर्यंत आला आहे.

स्वाध्याय

१. २ लाख ५६ हजार बिट वेगाच्या लाइनवर १,५०० बाइटचे पॅकेट चढायला किती वेळ लागेल? तिथे प्राधान्य उपयोगी ठरेल का?
२. वरील उदाहरणात थेट वर्गांची वाहतूक ११ अब्ज असती, तर काय झाले असते? प्राधान्याच्या वर्गाला मर्यादा का लागते, ते यावरून सांगा.
३. तुमच्या संस्थेत रांग नेमकी कुठे तयार होते? ते शोधण्यासाठी तुम्ही कोणत्या वेळी काय मोजाल?