काळोख कोणी ठरवायचा?



इतिहास म्हटला की लढाया, तह आणि सनावळ्या आठवतात. वर्गात मीही वर्षानुवर्षे त्याच शिकवल्या. पण घरातल्या वस्तूंनाही इतिहास असतो, आणि तो माहीत असला तर कधीकधी घरातली कुरबुरही मिटते. आज टीव्हीच्या खोक्यावर छापलेल्या 'एचडीआर'चा इतिहास सांगते. हाय डायनॅमिक रेंज, म्हणजे एकाच चित्रात अगदी गडद आणि अगदी लख्ख, दोन्ही नीट दिसणे.

दुपारच्या उन्हात अंगणात उभे राहून ओसरीत पाहिले, तर आतली माणसे आपल्याला ओळखू येतात. कॅमेऱ्याला मात्र हे जड जाते. एक तर आकाश पांढरेफटक, नाही तर ओसरी काळीकुट्ट. ही अडचण फोटोग्राफीइतकीच जुनी आहे. १८५० च्या दशकात फ्रान्समधले गुस्ताव्ह ल ग्रे समुद्राचे फोटो काढत. आकाश आणि पाणी एका निगेटिव्हवर नीट येईनात, म्हणून त्यांनी दोन्हींच्या वेगळ्या निगेटिव्ह वापरल्या आणि एकाच कागदावर जोडून छापल्या. पुढे १९४० च्या सुमारास अमेरिकेत ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत टप्पे पाडले. कोणता भाग कोणत्या टप्प्यावर बसवायचा, हे फोटो काढण्याआधीच ठरवायचे. चार्ल्स वायकॉफ यांनी तर कमीजास्त संवेदनक्षमतेचे तीन थर असलेली फिल्म बनवली. ती अणुस्फोटांचे फोटो घेण्यासाठी वापरली गेली.

संगणकाच्या काळात १९९७ साली पॉल डेबेव्हेक आणि जितेंद्र मलिक यांनी एकाच दृश्याच्या वेगवेगळ्या उजेडातल्या फोटोंवरून मूळ प्रकाश किती होता, हे गणिताने काढण्याची रीत मांडली. मलिक मूळचे मथुरेचे, आयआयटी कानपूरचे विद्यार्थी. खेळांमध्ये २००५ साली 'हाफ-लाइफ २ : लॉस्ट कोस्ट' आला. त्यात अंधारातून उन्हात आले की डोळे दिपल्यासारखे होत. पण तो सगळा हिशेब संगणकाच्या पोटात. पडदा साधाच, त्यामुळे शेवटी प्रकाश दाबून त्या पडद्यात बसवावा लागे.

पडदा साधा का होता? कारण टीव्हीची मापे जुन्या काचेच्या पिक्चर ट्यूबवरून ठरलेली. स्टुडिओतले पांढरे म्हणजे साधारण १०० निट. एका चौरस मीटर पृष्ठभागातून एका मेणबत्तीइतका प्रकाश निघाला, तर तो ढोबळमानाने एक निट. १९८२ साली, म्हणजे आपल्याकडे दूरदर्शन रंगीत झाले त्याच वर्षी, डिजिटल चित्रासाठी आंतरराष्ट्रीय नियम आला. त्यात काळ्याला १६ आणि पांढऱ्याला २३५ हा आकडा दिला होता. संगणकवाल्यांनी मात्र काळे ० आणि पांढरे २५५ धरले. या दोन हिशेबांचे भांडण अजून चालू आहे, ते पुढे येईलच.

२०१४ साली नवा नियम आला. त्याला 'पीक्यू' म्हणतात. माणसाच्या डोळ्याला उजेडातला किती बारीक फरक कळतो, याच्या अभ्यासावर तो बेतलेला आहे. माप ० पासून १०,००० निटपर्यंत. यातली गंमत अशी, की निम्म्या पायऱ्या पहिल्या १०० निटांतच खर्ची पडतात, कारण अंधारातला फरक आपल्याला जास्त कळतो. २०१५ साली 'एचडीआर१०' आले, आणि २०१७ साली विंडोज १० मध्ये एचडीआरचे बटण नीट बसले.

पण घरचे बहुतेक टीव्ही १०,००० निटांपर्यंत पोहोचत नाहीत. मग जास्तीचा प्रकाश दाबायचा कोणी? खेळ स्वतः दाबतो, आणि टीव्हीही आपल्या परीने पुन्हा दाबतो. एकच भात दोघींनी दोनदा शिजवावा, तसा चित्राचा गिचका होतो. म्हणून सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि टीव्ही बनवणाऱ्यांनी मिळून 'एचजीआयजी' नावाची रीत सुचवली. टीव्हीने आपली मर्यादा कायम ठेवायची, मध्ये लुडबुड करायची नाही, आणि दाबणे खेळावर सोपवायचे.

हे सगळे मी वाचले ते नातवामुळे. मुलाने नवा टीव्ही घेतला आणि नातवाने त्याला संगणक जोडला. खेळातली गुहा काळी दिसायच्या ऐवजी चुलीतल्या राखेसारखी दिसू लागली. मुलगा म्हणाला, "एवढे पैसे घालून हेच बघायचं का? परत करू." नातू दोन दिवस धड बोलला नाही. टीव्ही त्याच्या हट्टापायी आला होता.

मी एवढेच म्हणाले, "एका वेळी एकच गोष्ट बदल आणि वहीत लिही." क्रम इतिहासाचाच धरला. आधी १९८२ चे भांडण. संगणक १६ ते २३५ पाठवत होता आणि टीव्ही ० ते २५५ समजत होता. दोन्हीकडे एकच माप केल्याबरोबर राख गेली. मग टीव्हीच्या ज्या एचडीएमआय खाचेत वायर होती, तिचा जास्त क्षमतेचा पर्याय चालू केला. विंडोजमध्ये एचडीआर लावले, टीव्हीवर गेम मोड आणि एचजीआयजी. शेवटी विंडोजचे एचडीआर कॅलिब्रेशन. त्यात पडद्यावर एक नक्षी येते, आणि ती दिसेनाशी होईपर्यंत पट्टी सरकवायची असते.

इथे आमचे दोघांचे जमेना. गडद नक्षी मला दिसेनाशी झाली तरी त्याला दिसतच होती. त्याने विचारले, "आजी, मग कुणाच्या डोळ्यांनी लावायचं?"

प्रश्न बरोबर होता. नियम बनवणाऱ्यांनी डोळा मोजला, पण तो सरासरी डोळा. माझ्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, दुसऱ्याचे व्हायचे आहे. एकाच भिंतीचा पांढरा रंग मला दोन डोळ्यांनी दोन तऱ्हेचा दिसतो. ल ग्रेपासून आजपर्यंत प्रत्येकाने काय ठेवायचे आणि काय सोडायचे ते ठरवले, ते कोणाच्या तरी डोळ्यांनीच.

मी म्हणाले, "खेळणार तू, तर तुझ्या." त्याने तसे लावले. त्या कॅलिब्रेशनला नाव देऊन ते साठवता येते. त्याने आणखी एक केले, थोडे उजळ, आणि त्याला 'आजी' असे नाव दिले. टीव्ही परत गेला नाही.

असो. तुमच्याकडे असा घोळ झाला असेल, तर आधी काळ्याचे माप दोन्हीकडे एकच आहे ना, ते बघा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना गुहेत काय दिसते, तेही एकदा विचारा.