नशेतील प्रथमोपचारांचे शिक्षण
मद्य वा अमली पदार्थांमुळे जीव धोक्यात आलेला सोबती ओळखून त्याला वाचवण्याचे किशोरांना दिले जाणारे शिक्षण. नुसते ‘नाही म्हणा’ बजावणे अपुरे पडते. १९८३ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झालेल्या, असेच बजावणाऱ्या ‘डेअर’ या शालेय कार्यक्रमाचा नशेच्या सेवनावर टिकाऊ परिणाम बहुतेक मूल्यमापनांत दिसला नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात मात्र धोके टाळण्यावर भर देणाऱ्या शालेय पाठांनी मद्यामुळे होणारी हानी घटली. असे ज्ञान म्हणजे पिण्याची मुभाच, हा आक्षेप पालकांच्या खऱ्या काळजीतून येतो. पण त्या पाठांनी पिणे वाढले नाही. शिवाय अशा प्रसंगी न पिणारा मुलगाच अनेकदा शुद्धीवर असतो. ‘झोपू दे, उतरेल’ हा समज घातक आहे, हे त्याला ठाऊक हवे. कारण पिणे थांबल्यावरही रक्तातील मद्य काही काळ वाढत राहते. सोबत्याचा हाकेला प्रतिसाद नसेल, श्वास मंद वा ओठ निळसर असतील, तर १०८ ला फोन करावा. श्वास चालू असल्यास त्याला कुशीवर वळवावे, एकटे सोडू नये, उलटी करवू नये. श्वास थांबल्यास छाती दाबण्यास सुरुवात करावी. मुंबईतील मालवणीत २०१५ मध्ये शंभरावर बळी घेणाऱ्या, विषारी दारूतील मिथेनॉलच्या विषबाधेत दृष्टी अंधुक होते. तेव्हा तातडीने रुग्णालयच गाठावे लागते.