संकेतस्थळाचे माजघर

जालावरच्या मराठी लेखनाविषयी जे काही माझ्या वाचनात आले, ते बहुतेक ओसरीवर उभे राहून लिहिलेले आहे. कोणती नियतकालिके जालावर आली, कोण काय लिहू लागले, 'ब्लॉग'ला अनुदिनी म्हणावे की जालनिशी, यावर बरीच शाई खर्च झाली. लेखक ज्या पडद्यावर बसून लिहितो आणि संपादक ज्या पडद्यावर ते तपासून प्रसिद्ध करतो, त्या माजघराकडे मात्र फारसे कोणी वळले नाही. वाचकाला ते दिसत नाही, हे त्याचे साधे कारण. सोलापुरातल्या एका लहान नियतकालिकाचे संकेतस्थळ मी काही वर्षांपासून सांभाळतो. वाचकाला दिसणाऱ्या मराठीचे पुष्कळसे बरेवाईट या माजघरात ठरते, असे माझे मत त्या कामातून झाले आहे. प्रस्तुत लेख 'वर्डप्रेस'पुरता आहे, कारण स्वतःच्या जागेत, स्वतःच्या नावाने संकेतस्थळ चालवणारी लहान मराठी नियतकालिके मी जितकी पाहिली, त्यांतली बहुतेक त्याच पायावर उभी आहेत.

वर्डप्रेसचा जन्म २७ मे २००३ चा. मिशेल व्हाल्द्रिगी या फ्रेंच तरुणाने लिहिलेली 'बी-टू' नावाची मुक्त प्रणाली बेवारस पडत चालली होती. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी ती उचलून पुढे नेली. वर्षभर तिला फारसे कोणी विचारत नव्हते. मग मे २००४ मध्ये दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या. 'मूव्हेबल टाइप' या तेव्हाच्या आघाडीच्या प्रणालीने नव्या आवृत्तीसाठी पैसे आकारायचे ठरवले आणि तिचे नाराज वापरकर्ते पर्याय शोधू लागले. त्याच महिन्यात वर्डप्रेसची १.२ ही आवृत्ती आली आणि तिच्यात प्रथमच 'प्लगइन'ची सोय होती. (सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ मिळाले तेही २००४ मध्येच. दोन्हींचा संबंध काही नाही, पण आमच्याकडे संगणकाची पदवी घेतलेली पहिली मोठी फळी साधारण याच काळात घडली.)

प्लगइन म्हणजे काय, हे सोलापूरकराला समजावायला फार कष्ट पडत नाहीत. भौगोलिक मानांकन मिळालेल्या आमच्या चादरीवरची नक्षी माग स्वतः काढत नाही. ती काढतो मागाच्या डोक्यावर बसवलेला जॅकार्ड. कोणता उभा धागा केव्हा उचलायचा, हे त्याची भोके पाडलेली पत्त्यांची माळ सांगते. पत्ते बदलले की नक्षी बदलते, खालचा माग तोच राहतो. जोसेफ मारी जॅकार्डने हे यंत्र १८०४ च्या सुमारास ल्योंमध्ये रेशमासाठी सिद्ध केले. ते पुढे आमच्याकडच्या जाड सुती चादरीच्या कामी येईल, हे त्याच्या स्वप्नातही नसेल. प्लगइनचेही तसेच असते. मूळ प्रणालीला हात न लावता वर चढवायचा हा जोड, आणि तो बनवणाऱ्याला कोण, कुठे, कशासाठी वापरणार याची कल्पना नसते.

सुरुवातीच्या डॅशबोर्डचे रूप आज पाहिले तर गंमत वाटते. २००५ च्या डिसेंबरपर्यंत माणसांची प्रतवारी शून्य ते दहा अशा आकड्यांनी होत असे. २.० आवृत्तीने आकडे काढून प्रशासक, संपादक, लेखक, योगदानकर्ता, सदस्य अशी हुद्द्यांची उतरंड आणली. पडदा तरीही रुक्ष होता आणि लोकांनी तो जोड लावून सुसह्य केला. 'टायगर' नावाच्या जोडाने त्याचा चेहरा बदलला. 'ओझ' या टोपणनावाने लिहिणाऱ्या फ्रेंच गृहस्थाने यादी खाली उलगडणारा मेनू दिला. 'फ्लुएन्सी'ने मेनू डाव्या बाजूला उभा केला. डिसेंबर २००८ च्या २.७ आवृत्तीत मूळ वर्डप्रेसनेच डावीकडचा उभा मेनू स्वीकारला, तो अजून तिथेच आहे. पुढे २०१३ मध्ये हा मार्ग उघडपणे पत्करला गेला. डॅशबोर्डचा आजचा गडद चेहरा आधी 'एमपी-सिक्स' नावाचा स्वतंत्र जोड होता. लोकांनी तो वापरून पाहिला, दुरुस्त्या सुचवल्या, मग तो ३.८ मध्ये मुळात मिसळला. थोडक्यात, पुष्कळांना ज्याची गरज पडते तो जोड कधीतरी घराचा भाग होतो.

ज्याची गरज थोड्यांनाच पडते, त्याचे काय होते? मराठीची गोष्ट इथून सुरू होते.

पहिला आणि सर्वांत महाग धडा होता साठवणुकीचा. वर्डप्रेसमधले लेखन 'मायएसक्यूएल' या कोठारात साठते. ते बनवणारी कंपनी स्वीडनची, त्यामुळे कोठाराची मूळ ठेवण पश्चिम युरोपीय लिपीची आणि अक्षरक्रम चक्क स्वीडिश. २०१८ च्या आठव्या आवृत्तीपर्यंत ही मूळ ठेवण तशीच होती. युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइटांचे होते. कोठार त्याला तीन वेगवेगळी युरोपीय अक्षरे समजून ठेवून घेई आणि मागितल्यावर तशीच परत करी, म्हणून वाचकाला पडद्यावर शुद्ध मराठी दिसे. घोटाळा उघड होई तो संकेतस्थळ एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवताना. नवे कोठार खरी लिपी ओळखणारे असले की कवितेच्या जागी डोक्यावर टोप्या घातलेल्या परक्या अक्षरांचा ढीग दिसू लागे.

या दुखण्याचे दोन प्रकार आहेत आणि जुनी संकेतस्थळे चालवणाऱ्याने ते वेगळे ओळखले पाहिजेत. परकी अक्षरे दिसत असतील तर मजकूर जिवंत आहे, फक्त चुकीच्या चष्म्यातून वाचला जातो आहे. तो रकाना आधी 'निव्वळ बाइट' म्हणून घोषित करायचा आणि मग युनिकोड म्हणून, की मराठी परत येते. 'यूटीएफ-८ डेटाबेस कन्व्हर्टर' नावाचा एक जोड हेच काम डॅशबोर्डवरून करून देई. पण जिथे ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हे दिसतात, तिथे कोठाराने न ओळखलेली चिन्हे टाकून देऊन त्यांच्या जागी '?' लिहिलेले असते. ते पुन्हा उभे करता येत नाही. जुनी प्रत कुठे नसेल तर तो लेख गेलाच. २००७ च्या २.२ आवृत्तीपासून वर्डप्रेसने नव्या स्थापनेत लिपी आधीच नोंदवायला सुरुवात केली, पण आधीची संकेतस्थळे जुन्याच ठेवणीत राहिली. मराठी अनुदिन्यांच्या पहिल्या बहराचे किती लेखन या प्रश्नचिन्हांत विरले, याचा हिशेब कोणाकडे नाही. ग्रंथालयांत वाळवी लागते तेव्हा निदान भुगा तरी दिसतो.

दुसरी अडचण किरकोळ वाटेल, पण रोज आठ तास पडद्यासमोर बसणाऱ्याला ती तशी नाही. २०१३ च्या नव्या डॅशबोर्डने 'ओपन सॅन्स' हा टंक वापरला, त्यात देवनागरी नव्हती. संगणक मग आपल्याकडचा 'मंगल' उसना आणी, आणि इंग्रजीच्या मापाने आखलेल्या ओळींत वेलांट्या-उकार दाटीवाटीने बसत. गमतीचा भाग असा की मूळ संहितेत भाषांतरकारांसाठी एक चोरखिडकी ठेवलेली होती: तुमच्या लिपीला हा टंक चालत नसेल तर या शब्दाचे भाषांतर 'बंद' असे करा. भाषांतराच्या यादीत दडलेली ही कळ कोणाच्या लक्षात आली तर आली. नाहीतर बाहेरचे टंक बंद करणारा लहानसा जोड लावायचा. २०१६ च्या ४.६ आवृत्तीने संगणकाचेच टंक वापरायला घेतले आणि तो प्रश्न मिटला.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात आलेली सोय सोलापूरसारख्या शहराला फार मोलाची. तोवर संकेतस्थळाची भाषा आणि डॅशबोर्डची भाषा एकच असे. वाचकाला तारखा, महिने, 'प्रतिक्रिया द्या' हे मराठीत दिसावे म्हणून भाषा मराठी केली की माजघरही मराठी होई, आणि संगणक इंग्रजीतून शिकलेला मुलगा 'सेटिंग्ज' शोधत बसे. 'अ‍ॅडमिन इन इंग्लिश'सारखे जोड त्यासाठीच निघाले होते. ४.७ पासून प्रत्येकाला आपापल्या पडद्याची भाषा निवडता येते. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू एकाच पेठेत बोलणाऱ्या गावात एका टेबलाभोवती चार भाषांची माणसे बसणे ही नवलाई नव्हे. आता त्यांचे पडदेही तसे असू शकतात. भाषांतरातला एखादा शब्द खटकला तर 'लोको ट्रान्सलेट' हा जोड लावून तो जागच्या जागी बदलता येतो. काही मराठी प्रतिशब्द इतके सरकारी असतात की ते वाचून कळ दाबायला हात धजत नाही. आम्ही ते निःसंकोच बदलले.

रोजच्या उपयोगाचे जोड थोडेच आहेत. दिवाळी अंकाच्या दिवसांत 'एडिट फ्लो' कामी येतो: कोणता लेख कोणाकडे, कोणत्या टप्प्यावर, हे दिनदर्शिकेवर दिसते आणि लेखाखालीच संपादकीय शेरे लिहिता येतात. योगदानकर्त्याच्या हुद्द्याला चित्र चढवण्याची मुभा मुळात नसते, ती 'यूझर रोल एडिटर'ने देता येते. 'सिंपल हिस्टरी' कोणी केव्हा काय बदलले याची नोंद ठेवतो. यापलीकडे मोह नको. २०१७ मध्ये 'डिस्प्ले विजेट्स' हा सुमारे दोन लाख संकेतस्थळांवरचा जोड मूळ कर्त्याने विकला, आणि नव्या मालकाने त्यात चोरून जाहिरातींची पाने घुसवणारी संहिता भरली. अधिकृत भांडाराने तो पुन्हा पुन्हा काढला, शेवटी कायमचा. किल्ली दिलेल्या माणसाने घर विकताना किल्लीही विकावी, असा तो प्रकार.

राहिली पत्त्याची गोष्ट, आणि ती अजून सुटलेली नाही. लेखाचे शीर्षक लिहिले की वर्डप्रेस त्यावरून पानाचा पत्ता बनवतो. त्याला २०० चिन्हांची मर्यादा आहे. इंग्रजी शीर्षकाला ती कधी जाणवतही नाही. देवनागरीचे मात्र एकेक चिन्ह पत्त्यात जाताना तीन बाइटांचे तीन सांकेतिक आकडे होतात आणि प्रत्येकापुढे टक्क्याची खूण लागते, म्हणजे एका चिन्हाला नऊ जागा. काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त, सगळे स्वतंत्र मोजले जातात. २०० ला नऊने भागा: मराठीच्या वाट्याला बावीस चिन्हे येतात. 'सोलापूरच्या गिरणी कामगारांचा इतिहास' हे शीर्षक घ्या. 'सोलापूरच्या'ची अकरा, 'गिरणी'ची पाच आणि 'कामगार'ची सहा, इथे बावीस भरतात. मधल्या दोन जोडरेषा धरून बरोबर २०० जागा संपतात. पत्ता राहतो 'सोलापूरच्या-गिरणी-कामगार'. इतिहास बाहेर पडतो.

रशियन लिपीचे एक चिन्ह सहा जागा घेते, म्हणजे त्यांची अडचण आमच्याहून कमी. तरी त्यांनी फार पूर्वीच 'रस-टू-लॅट', 'सिर-टू-लॅट' असे जोड करून शीर्षकाचे आपोआप रोमन रूप मिळवले. देवनागरीसाठी तितका रुळलेला जोड माझ्या वापरात आलेला नाही आणि त्याचे कारण केवळ आळस नाही. रशियन अक्षरास रोमन अक्षर बदलून देता येते. मराठीत प्रत्येक व्यंजनात दडलेला 'अ' कुठे उच्चारायचा आणि कुठे गिळायचा, हे लिपी सांगत नाही. यंत्राने सरळ बदल केला तर 'सोलापूर'च्या 'र'मध्येही 'अ' उमटतो, आणि 'कामगार' चार अक्षरी होऊन बसतो. चमच्यातला 'च' आणि चंद्रातला 'च' एकच लिहावा की वेगळा, हेही कोणीतरी ठरवावे लागते. असा जोड लिहायला प्रोग्रॅमरच्या शेजारी व्याकरणकार बसवायला हवा.

तोवर आमच्याकडे प्रत्येक लेखाचा पत्ता हाताने, रोमन लिपीत, संपादक लिहितो. जुना पत्ता बदलला तर वर्डप्रेस तो लक्षात ठेवून वाचकाला नव्या पत्त्यावर नेतो, ही सोय २००७ पासून आहे. म्हणून जुन्या लेखांचे तुटके पत्तेही सवडीने नीट करत आणतो आहोत. दर रविवारी थोडे थोडे. सध्या २०११ च्या दिवाळी अंकापर्यंत पोचलो आहोत.