तुरीच्या शेंगेतील दोन कीटक : घाटेअळी आणि शेंगमाशी

धाराशिव जिल्ह्यातील तेरखेड्याचे नाव फटाक्यांच्या कारखान्यांमुळे दूरवर पोहोचले आहे. बालाघाटच्या या परिसरात खरिपात सोयाबीनच्या जोडीने तूरही घेतली जाते. मराठवाड्यातील तुरीच्या शेंगेवर उपजीविका करणाऱ्या कीटकांत घाटेअळी आणि शेंगमाशी प्रमुख आहेत. दोघींची गणना 'शेंगा पोखरणाऱ्या किडीं'तच होत असली, तरी त्यांच्यात साम्य जवळपास एवढेच.

घाटेअळी, शास्त्रीय नाव हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा, ही एका पतंगाची अळी. तिला तुरीचेच अगत्य नाही. हरभरा, कापूस, टोमॅटो, सूर्यफूल अशा शंभराहून अधिक वनस्पतींवर ती जगते. पूर्ण वाढलेली अळी साडेतीन ते चार सेंटिमीटर लांब असते. शेंगेला गोल छिद्र पाडून, अर्धे शरीर बाहेर ठेवूनच ती दाणे फस्त करते आणि पुढे जमिनीत उतरून कोषात जाते.

शेंगमाशीचा, म्हणजे मेलानाग्रोमायझा ऑब्टुसाचा, सारा व्यवहार गुपचूप. ही काळी माशी जेमतेम काही मिलिमीटरची. तूर आणि तिची जवळची भावंडे सोडून ती सहसा अन्यत्र जात नाही. मादी कोवळ्या शेंगेच्या सालीत अंडी घालते. पाय नसलेली पांढरी अळी दाण्याच्या सालीखाली नागमोडी कोरत जाते. कोषावस्थेपूर्वी ती शेंगेच्या भिंतीला आतून कुरतडून कागदासारखा पातळ पापुद्रा तेवढा शिल्लक ठेवते. शेंगेतच कोष होतो आणि माशी तो पापुद्रा फोडून बाहेर पडते. छिद्र दिसते तेव्हा दाणा केव्हाच वाया गेलेला असतो. तो ना डाळीच्या कामाचा, ना बियाण्याच्या.

म्हणूनच एकीवरचा उपाय दुसरीला लागू पडत नाही. हेक्टरी पाच कामगंध सापळे लावले, तर त्यांत घाटेअळीचे नर पतंग अडकतात. शेंगमाशी त्यांकडे फिरकतही नाही. एचएएनपीव्ही हा विषाणूही घाटेअळीपुरताच. रासायनिक फवारणीने घाटेअळी सहज मरेल, हा भरवसा तर १९८७ मध्ये आंध्र प्रदेशातील कपाशीवरच डळमळला. सिंथेटिक पायरेथ्रॉइड कीटकनाशकांना ती तेथे दाद देईनाशी झाली होती. शेंगमाशीची अळी शेंगेत सुरक्षित असल्याने वरवरचा फवारा तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. तिचा उपद्रव उशिरा पक्व होणाऱ्या तुरीवर अधिक असतो. त्यामुळे बदनापूरच्या संशोधन केंद्राच्या बीडीएन ७११ सारख्या लवकर येणाऱ्या वाणाचा येथे उपयोग होतो. तिचा सुगावा लागण्यासाठी मात्र दाणे भरू लागताच शेतात ठिकठिकाणच्या हिरव्या, वरून निर्दोष दिसणाऱ्या शेंगा सोलूनच पाहाव्या लागतात.