कॉमन लेपर्ड (फुलपाखरू)

कॉमन लेपर्ड हे कुंचलपाद कुळातील नारिंगी-काळ्या रंगाचे फुलपाखरू आहे. फॅलँटा फॅलँथा हे त्याचे शास्त्रीय नाव होय. पंखविस्तार साधारणतः ५० ते ६० मिलिमीटर असतो. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिका आणि दक्षिण व आग्नेय आशिया येथे ते आढळते. भारतात ते सर्वपरिचित आहे.

ओळख

पिवळसर नारिंगी पंखांवर विखुरलेले काळे ठिपके ही याची मुख्य खूण असून बिबट्याच्या कातडीशी असलेल्या साम्यावरून इंग्रजी नाव पडले आहे. पंखांच्या कडेलगत नागमोडी काळ्या रेषा असतात. खालच्या बाजूस जांभळट झाक असते. कोरड्या ऋतूतील पिढीत ती अधिक जाणवते.

केवळ रंगावरून ओळखू पाहणाऱ्याची मात्र हमखास फसगत होते, कारण त्याच परिसरात नारिंगी-काळी इतरही फुलपाखरे वावरत असतात. टॉनी कॉस्टरचे पंख लांबट असून मागील पंखांच्या काळ्या किनारीत फिकट ठिपक्यांची ओळ असते. ते बेचव असल्याने पक्षी त्याच्या वाटेस सहसा जात नाहीत, आणि त्याचे उडणेही संथ असते. कॉमन कॅस्टर विटकरी रंगाचे. त्याच्या पंखांवर ठिपके नसून बारीक नागमोडी रेषा असतात. प्लेन टायगर आकाराने बरेच मोठे असते.

ठिपक्यांइतकीच भरवशाची खूण म्हणजे वागणूक. कॉमन लेपर्ड भर उन्हात चपळपणे, जमिनीपासून फार उंच न जाता उडते आणि बसल्यावरही स्वस्थ राहत नाही. पंखांची उघडझाप सतत चालू असते. घाणेरीच्या फुलांवर व ओल्या मातीवर ते सहज पाहता येते.

जीवनक्रम व अधिवास

मादी तांबट या काटेरी झाडाच्या व त्याच्या जातभाईंच्या कोवळ्या पालवीवर सुटी अंडी घालते. अळीच्या अंगावर फांद्या फुटलेले काटे असतात. कोष हिरवा असून त्यावर लाल कडांचे रुपेरी ठिपके असतात.

तांबट शुष्क पानझडी वनांत व माळरानाच्या झुडपांत वाढते. वरठी ज्या भंडारा जिल्ह्यात आहे तेथे कोका अभयारण्यात अशी पानझडी वने आहेत. अभयारण्याबाहेरची झुडपे मात्र निरुपयोगी समजून सहज तोडली जातात, आणि पालवी नाही तेथे अळीही नाही. पूर्व विदर्भातील महसुली नोंदींत अशा बऱ्याच जमिनी ‘झुडपी जंगल’ म्हणून दाखवलेल्या आहेत. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वनजमिनी मानाव्यात असा निर्णय दिला.